सूरवाल्यांच्या गळ्यातला पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे आणि खरं सांगायचं तर मी अर्धा वेळ झोपेतच असतो. दाराशेजारच्या खुंटीवर लटकून राहिलं की डोळा लागतोच. खिडकीतून ऊन येतं, त्या उन्हात लाकडाचा भुसा तरंगत असतो, आत कुणीतरी एकच सूर पुन्हा पुन्हा लावून बघत असतं आणि मी आपला हळूहळू कुठेतरी निघून जातो. त्यामुळे माझ्या सांगण्यात मध्येच एखादं स्वप्न मिसळलं, तर सांभाळून घ्या. बागेतली गोष्ट मात्र मी टक्क जागा असताना घडली आहे.

मी जन्मतः कुत्र्याचा पट्टा नव्हतो. एका मोठ्या काळ्या अकॉर्डियनचा खांद्यावरचा पट्टा म्हणून मी जन्माला आलो. आम्ही दोघं भाऊ होतो, एक उजव्या खांद्याचा आणि एक डाव्या. वरून तपकिरी चामडं, आतून मऊ मखमल. वादक उभा राहिला की त्या धुडाचा सगळा भार आमच्यावर यायचा. भाता उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा. वाद्याने श्वास घेतला की आम्ही ताणले जायचो, सोडला की सैल पडायचो. लोक वादकाचं कौतुक करायचे, वाद्याचंही करायचे. पट्ट्याचं कोण करतो? पण टाळ्या वाजल्या की आम्ही दोघं भाऊ मनातल्या मनात फुगायचो, हे काही खोटं नाही.

पुढे भाता फाटला आणि आम्ही वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात येऊन पडलो. दुकानदाराचं खरं नाव काय होतं कुणास ठाऊक, सगळी गल्ली त्यांना ‘सूरवाले’ म्हणायची. पुढे दुकान, मागे दोन खोल्यांचं घर, त्यामागे उंच भिंतींचं अंगण. घरात सूरवाले आणि त्यांची छोटी लेक. टेबलावर सरसाचं भांडं, चिमटे, तारांची वेटोळी. सूरवाल्यांनी अकॉर्डियनला कान लावला, भाता दाबून पाहिला आणि मान हलवली. “आता हे वाजायचं नाही,” ते म्हणाले. त्यांनी त्याचे सुटे भाग डब्यांत भरून ठेवले. आम्हा दोघा भावांना एका खोक्यात जागा मिळाली. तिथे मी किती वर्षं झोपलो, ते मला सांगता येणार नाही.

मला जाग आली ती एका भयंकर आवाजाने. एका गिऱ्हाइकाने आता नऊ वर्षांच्या झालेल्या लेकीला कुत्र्याचं पिल्लू आणून दिलं होतं आणि ते पिल्लू दुकानाच्या मधोमध बसून गळा काढून रडत होतं. सूरवाल्यांच्या हातात व्हायोलिन होतं. त्यांनी तीनदा तार जुळवली, तीनदा चुकली.

“अगं, हा कुत्रा आहे की भोंगा?” ते वैतागून म्हणाले.

झालं. त्या दिवसापासून त्याचं नाव भोंगा.

दुसऱ्या दिवशी सूरवाल्यांनी आम्हाला खोक्यातून काढलं. आतली मखमल खरवडून टाकली, आम्हा भावांची टोकं एकमेकांवर ठेवली आणि मेण लावलेल्या दोऱ्याने आम्हाला कायमचं जोडून टाकलं. म्हणजे तुमच्याशी जो बोलतो आहे तो एक नाही, दोघं आहेत. पण आता आमचं आम्हालाच कळत नाही, कोण उजवा आणि कोण डावा. एका टोकाला हातात धरायची पकड शिवली, दुसऱ्या टोकाला पितळी कडी बसवली.

“बाबा, पट्टा दुकानात विकत मिळतो की,” लेक म्हणाली.

“विकतचा महिन्यात तुटेल. यांनी वीस वर्षं अकॉर्डियन पेललंय,” सूरवाले म्हणाले.

माझा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत कुणीतरी आमच्याबद्दल बोललं होतं!

मित्रांनो, ते दिवस फार सुखाचे होते. एका बाजूला हात, दुसऱ्या बाजूला कुत्रा आणि मध्ये मी. हाताला घाई असायची, भोंग्याला प्रत्येक खांबाची विचारपूस करायची असायची. मी याचं त्याला आणि त्याचं याला सांगायचो. लेकीचा हात असला की मी जरा जास्तच जपून असायचो, कारण भोंगा वजनाने तिच्याहून फारसा कमी नव्हता. रस्त्याच्या कडेला आलो की हात थांबायचा, मी ताणला जायचो, भोंगा थांबायचा. मग मी सैल पडायचो आणि आम्ही रस्ता ओलांडायचो. ताण, सैल, ताण, सैल. डोळे मिटले की वाटायचं, ते जुनं वाद्यच पुन्हा श्वास घेतंय.

मग सूरवाल्यांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. तारा जुळवताना ते बोटाएवढी एक पिपाणी वाजवत. तिच्यातून एकच सूर निघायचा, पण अगदी स्वच्छ. त्या सुराला धावत यायचं, असं त्यांनी भोंग्याला शिकवलं. अंगणात, खोलीत, गल्लीत, पिपाणी वाजली की भोंगा हजर. सूरवाल्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. गिऱ्हाइकाचं वाद्य बाजूला ठेवून ते सांगत बसायचे, “याला सूर कळतो हो! माणसांना कळत नाही, याला कळतो.” ज्याला सूर कळतो त्याला पट्टा कशाला, असं त्यांनी ठरवून टाकलं. बाहेर निघताना ते मला खुंटीवरून काढायचे आणि स्वतःच्याच गळ्यात अडकवायचे. हसू नका. दोन वर्षं मी तसा हिंडलो. कुत्रा मोकळा आणि पट्टा मालकाच्या गळ्यात!

एकदा भोंगा मांजरामागे रस्त्यावर धावला. एका सायकलवाल्याने करकचून ब्रेक दाबले आणि तो कसाबसा सावरला. सूरवाल्यांनी पिपाणी वाजवली, भोंगा परत आला. “बघितलंस, आला की नाही?” ते लेकीला म्हणाले. लेकीने भोंग्याला घट्ट धरून ठेवलं. मी काय बोलणार? माझ्यावर घामाचं मीठ चढत होतं, उन्हाने चामडं तडकत होतं, जोडाचा दोरा विरत चालला होता. ज्याच्याकडून काम घेत नाहीत त्याला तेल कोण लावतं?

आता बागेतली गोष्ट. आमच्या गल्लीसमोर एक बाग होती. तिच्यात बारीक खडीची एक अरुंद वाट होती, दोन्ही बाजूंना कापलेल्या झुडपांचं कुंपण. या वाटेवर रोज सकाळी एक निवृत्त ग्रंथपालबाई चालायला यायच्या. त्यांच्या खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं होतं. रोज चाला, नाहीतर पाय चालणं विसरतील, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं. बागेच्या पलीकडच्या फाटकासमोर त्यांची बहीण राहायची. बहिणीच्या घरी स्वतःच्या पायांनी जायचं, एवढाच बाईंचा हट्ट होता. हातात काठी घेऊन त्या रोज थोड्या पुढे जायच्या. आज पाण्याच्या नळापर्यंत, आठवड्याने पुढच्या बाकापर्यंत. अजून फाटक लांब होतं.

त्या सकाळी बाई बाकापर्यंत जाऊन आमच्या दिशेने परत येत होत्या. त्यांच्या मागे, पार पलीकडे, भोंगा काहीतरी हुंगत होता. सूरवाले अलीकडच्या टोकाला उभे होते आणि अर्थातच मी त्यांच्या गळ्यात होतो. शेजारी माळीकाका झुडपं कापत होते.

“साहेब, पट्टा कुत्र्याला लावा की,” माळीकाका म्हणाले. “बाई चालतायत तिकडे.”

“अहो, जो ऐकत नाही त्याला पट्टा लागतो,” सूरवाले म्हणाले. “आमचा काही करत नाही. हे बघा हं.”

आणि त्यांनी पिपाणी ओठांना लावली.

मित्रांनो, भोंग्याची काहीही चूक नव्हती. त्याला जे शिकवलं होतं तेच त्याने केलं. त्याने सूर ऐकला आणि तो सगळा जीव एकवटून सरळ रेषेत धावत सुटला. त्या सरळ रेषेत बाई होत्या. पाठीमागून खडीवर धावणारे पाय त्यांना ऐकू आले. जवळ, आणखी जवळ. त्या दचकून वळल्या, काठी खडीवरून सटकली आणि त्या पडल्या. भोंगा त्यांना वळसा घालून आला. तो आमच्यासमोर येऊन बसला आणि शेपूट हलवत शाबासकीची वाट पाहू लागला.

“शिवलासुद्धा नाही हो त्यांना!” सूरवाल्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे.

माळीकाका कात्री टाकून धावले. बाईंचं मनगट मोडलं होतं.

त्यानंतर बाई बागेत दिसेनाशा झाल्या. आमच्याच गल्लीत, वरच्या मजल्यावरची त्यांची खिडकी बंद असायची. सूरवाले गिऱ्हाइकांना सांगत राहिले, लोक उगाच बाऊ करतात, कुत्रा लागलासुद्धा नाही. पण हल्ली त्यांच्या तारा जुळत नव्हत्या. लेक एका दुपारी बाईंना भेटून आली. ती दारात उभी राहून चप्पल काढत होती आणि मी तिच्या डोक्यावर खुंटीला होतो.

“त्या म्हणाल्या, हात बरा होतोय,” ती म्हणाली. “पण पाय जिन्यापाशीच थांबतात. पाय घाबरलेत म्हणे.”

“अगं पण तो शिवला नाही त्यांना,” सूरवाले म्हणाले.

“ते तुला दिसत होतं, बाबा. त्यांना मागचं कसं दिसणार?”

सूरवाल्यांनी हातातला पेचकस टेबलावर ठेवला. मग ते उठले आणि त्यांनी मला खुंटीवरून काढलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला नीट पाहिलं. तडे पाहिले, विरलेला जोड पाहिला. एका झटक्यात तुटलो असतो, हे त्यांच्यासारख्या कारागिराला सांगावं लागलं नाही. त्यांनी ओल्या फडक्याने मला पुसलं, तेल चोळलं, जुना दोरा उसवून नवा घातला, दुहेरी. मी डोळे मिटून पडलो होतो. कुठेतरी लांब भाता उघडत होता.

मग मला हातात घेऊन ते बाईंच्या दारात गेले. भोंग्याला घरी ठेवलं होतं. “चूक माझी होती,” ते म्हणाले. “मी त्याला यापुढे बागेत आणणारच नाही.”

 बाईंनी चांगल्या हाताने मला चाचपून पाहिलं.

“तसं नका करू,” त्या म्हणाल्या. “आणणार नाही म्हणालात, तरी मी मागे वळून वळूनच बघत राहीन. तुम्ही त्याला आणा. मला दिसेल असे नळापाशी उभे राहा. पट्टा हातात असू द्या, आणि तोही मला दिसू द्या.”

दुसऱ्या दिवसापासून आम्ही नळापाशी उभे राहू लागलो. सूरवाल्यांनी माझी पकड मनगटात घालून वर मुठीत दोन वेढे घेतलेले असायचे. पहिल्या दिवशी बाई अलीकडच्या फाटकातून आत आल्या, माझ्याकडे पाहिलं, चार पावलं टाकली आणि परत गेल्या. दुसऱ्या दिवशी दहा. भोंग्याला वाटायचं, आपल्याला भेटायलाच येतायत. तो कुईकुई करायचा. हळूहळू बाई नळापर्यंत पोचल्या. एका सकाळी त्या आमच्यापासून तीन हातांवर असताना कुंपणातून कबुतरं फडफडत उडाली आणि भोंग्याने जीव खाऊन झेप घेतली.

मी ताणला गेलो. सगळाच्या सगळा, टोकापासून टोकापर्यंत. नवा दोरा करकरला. सूरवाल्यांचे पाय खडीत घसरले, पण मूठ सुटली नाही. आणि बाई! त्या जागच्या जागी थिजल्या होत्या. त्यांची नजर भोंग्यावर नव्हती, माझ्यावर होती. मी धरून राहिलो. इतकं मोठं ओझं मी अकॉर्डियनचंही कधी पेललं नव्हतं. भोंगा खाली बसला, मी सैल पडलो, आणि बाईंनी श्वास सोडला.

“धरलंत,” त्या म्हणाल्या.

“हो,” सूरवाले म्हणाले. 

बाई आमच्या समोरून पुढे गेल्या. बाक आलं, त्या बसल्या नाहीत. आता त्यांची पाठ आमच्याकडे होती. सूरवाल्यांची मूठ माझ्यावर आवळत चालली होती, मला कळत होतं. बाई वळून बघतील असं आम्हा तिघांनाही वाटत होतं. त्या वळल्या नाहीत. काठी टेकवत, सावकाश, त्या पलीकडच्या फाटकातून बाहेर पडल्या आणि रस्त्यापलीकडचं त्यांच्या बहिणीचं दार उघडलेलं आम्हाला दिसलं.

भोंगा आजही मोकळा धावतो, पण मागच्या अंगणात, भिंतींच्या आत, दाराला कडी लावून. तेव्हा मी खुंटीवर झोपतो. बाहेर जाताना मात्र मला उठवतात. मित्रांनो, तुमच्याकडे कुत्रा असेल तर त्याच्यावर खूप माया करा, त्याला शिकवा, त्याचं कौतुकही करा. आपला कुत्रा काही करत नाही, हे तुम्हाला माहीत असतं. रस्त्यावरून पुढे चाललेल्या माणसाला ते माहीत नसतं. त्याला पट्टा तेवढा दिसतो. तो नीट ठेवा, त्याला तेल लावत जा आणि बाहेर पडताना कुत्र्याला लावा. तुमच्या कुत्र्यासाठी तर लावाच, पण जी बाई तुमच्याकडे पाठ करून चालली आहे, तिच्यासाठीही लावा.