ऐकून घेणारी

आमच्या आणि मॅडमच्या घरात एकच भिंत आहे आणि ती इतकी पातळ, की तिकडे कुणी शिंकलं तर इकडे आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता "जपा" म्हणतात. त्यामुळे मी भिंतीला कान लावून बसते असं जे इमारतीत बोललं जातं ते खरं नाही. कान लावायची गरजच पडत नाही. मॅडम गणित शिकवते. सगळेच तिला मॅडम म्हणतात म्हणून मीही म्हणते, पण माझ्यापेक्षा बरीच लहान, तेव्हा मॅडम आणि अगं-तुगं असं दोन्ही एकदमच चालतं. तिचा नवरा दूरच्या गावी नोकरीला, अधूनमधून येणारा. आणि एक लेक, नुकतेच पुढचे दात पडलेली. तिला मी शेपूट म्हणते, कारण आई ओट्याशी गेली, गॅलरीत गेली, कचरा टाकायला जिन्यात आली, तरी हे आपलं तिच्या गाऊनचं टोक मुठीत धरून मागे हजर.

शाळा घरूनच भरायला लागली तेव्हा मला मॅडमचा हेवा वाटला होता. धावतपळत बस पकडायला नको, पावसापाण्याची चिंता नको, घरात बसून काम आणि लेक डोळ्यांसमोर. हेवा फार दिवस टिकला नाही. सकाळी तास असायचे, ते संपेपर्यंत मुलांच्या वह्यांचे फोटो येऊन पडायचे, ते तपासते तोवर पालकांचे फोन, आणि संध्याकाळी शाळेतल्या मोठ्या बाईंची बैठक. वेळेचं नियोजन कसं करावं यावरही एक बैठक झाली, ती ठरल्यापेक्षा दुप्पट लांबली आणि मॅडमचं दूध उतू जाऊन गॅस विझला. शाळा पूर्वी शाळेत असायची आणि तिला सुटी व्हायची. आता ती ओट्यावर, पलंगावर, न्हाणीघराच्या दाराशी ठेवलेल्या फोनमध्ये, सगळीकडे भरत होती आणि सुटत कुठेच नव्हती. शेपूट खोलीच्या बंद दाराबाहेर बसून असायचं. आत आई सगळ्या जगाच्या पोरांना "हां बेटा, बोल" म्हणायची आणि हे बाहेर फरशीवर बोटाने रेघा ओढत ते ऐकायचं.

"दिवसातनं एकदा तिच्या शेजारी बसून निवांत जेवता आलं ना ताई, तरी पुरे," एकदा कपडे वाळत घालताना मॅडम म्हणाली. "फार मागत नाहीये मी."

मग थोड्या दिवसांनी तीच गॅलरीतून मला हाक मारून हसत म्हणाली, "ताई, एक लबाडी केलीये. कुणाला सांगू नका."

"मी कुणाला सांगते होय?" मी म्हटलं.

"म्हणूनच आधी बजावतेय."

लबाडी अशी होती. मुलं वहीत गणितं सोडवत असताना बाईंनी कॅमेऱ्यासमोर बसून राहायचं असा शाळेचा नियम, कारण मोठ्या बाई न सांगता मधेच वर्गात डोकावतात. म्हणून मॅडमने स्वतःचंच चित्रण करून ठेवलं होतं. नुसती बसली आहे, ऐकते आहे, मान हलवते आहे. मुलांना गणितं घातली की ते लावून द्यायचं, कानात वायर ठेवायची, आणि तेवढ्यात इकडे शेपटीला जेवायला वाढायचं. कुणी हाक मारली तर धावत जायचं.

मी ते बघायचा हट्ट धरला. पडद्यावर मॅडम होती. मान जराशी कलती, चेहऱ्यावर तो शांतपणा जो मी खऱ्या मॅडमच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. ती बट कानामागे सारायची, किंचित हसायची, मान हलवायची, आणि मग एकदम दचकून दाराकडे बघायची नि परत वळून हसायची.

"हे दाराकडे काय बघतेस गं?"

"तुमच्यामुळे. नेमकी तुम्ही वाटी परत द्यायला बेल वाजवलीत."

"अगं मग पुन्हा काढ की."

"पुन्हा काढायला वेळ कुठाय?" ती म्हणाली, आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

काही दिवस भिंतीपलीकडून ताटल्यांचे आणि मायलेकींच्या बोलण्याचे आवाज आले. मला बरं वाटायचं. पण मॅडमचे तास किती शिस्तीत चालतात, त्या किती शांत असतात, हे मोठ्या बाईंच्या नजरेत भरलं आणि त्यांनी तिला आणखी एक तुकडी दिली. आता खोलीतल्या संगणकावर एक वर्ग गणितं सोडवत असायचा, समोर ती चित्रातली मॅडम बसलेली, आणि खरी मॅडम स्वयंपाकघरात फोनवर दुसऱ्या वर्गाला शिकवत असायची. वाचवलेला वेळ असा तिच्या हातातून गेला, आणि वर एक मॅडम जास्तीची झाली.

एका दुपारी भिंतीतून शेपटीचा आवाज आला. लांबलचक काहीतरी सांगत होतं. हलणाऱ्या दाताचं, मग स्वप्नात आलेल्या माशाचं. मला वाटलं, चला, आज आईला सवड मिळालेली दिसते. आणि तेवढ्यात माझी बेल वाजली. दारात मॅडम, हातात फोन. "ताई, तुमच्याकडे बसू का जरा? आमच्या स्वयंपाकघरात आवाज तुटतोय."

"मग शेपूट कुणाशी बोलतंय?" मी विचारलं.

तिला ते तोवर जाणवलंच नव्हतं. ती वळली तशी मीही मागोमाग गेले. माझा स्वभावच तसा आहे. खोलीत तास केव्हाच संपला होता, पण चित्र बंद करायचं राहून गेलं होतं. शेपूट स्टुलावर बसून पाय हलवत पडद्याशी बोलत होतं आणि पडद्यावरची मॅडम मान हलवत होती.

"अगं, काय करतेयस तू?"

"थांब गं आई. माझं सांगून झालं नाही अजून."

"मला सांग ना."

पोरीने तिच्याकडे बघितलं. रागाने नाही, समजुतीने. "तू घाई करतेस," ती म्हणाली. "ही करत नाही."

मॅडमने बटण दाबलं आणि पडदा काळा झाला. त्यानंतर शेपूट जे रडलं, तसं रडणं मी पोर पडलं-झडलं, भाजलं-कापलं तरी कधी ऐकलं नव्हतं. आमचे हे पेपर खाली ठेवून दाराशी आले.

त्याच संध्याकाळी मॅडमने ते चित्रण पुसून टाकलं. माझ्यासमोर पुसलं. "वाढीव तुकडी नको म्हणून कळवते," असंही म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी भाजी निवडत होते तर भिंतीतून पुन्हा शेपटीचा आवाज. काल अर्धवट राहिलेली माशाची गोष्ट. मी गेले. दार उघडंच होतं. मॅडम खोलीच्या उंबऱ्याबाहेर, जिथे एरवी पोर बसायची तिथे, फरशीवर बसून होती.

"मी लावलं नाही, ताई," ती हळूच म्हणाली. "पुसलंय ना आपण."

मी आत डोकावले. पडद्यावर तीच कलती मान, तोच शांतपणा. शेपूट म्हणालं, "मग तो मासा रडला." पडद्यावरचा चेहरा हळूहळू उतरला. "पण मी त्याला पाण्यात सोडलं." चेहरा उजळला, मान हलली, अगदी हवी तिथे. मी बराच वेळ उभी राहिले. ज्याची वाट बघत होते ते आलंच नाही. ती एकदाही दाराकडे बघत नव्हती.

यावर मी काय करायला हवं होतं? यांना सांगितलं तर म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात नाक खुपसलं की असंच दिसतं." मॅडमच्या नवऱ्याला फोन करावा असं मनात आलं, पण मॅडम म्हणाली, त्याचं रोज बोलणं होतं घरी. "कुणाशी?" मी विचारलं.

मग ती माझ्याकडे येऊन बसायला लागली. आधी तास झाल्यावर, नंतर तास चालू असताना. भिंतीतून मॅडमचा आवाज अपूर्णांक शिकवत असायचा, मुलं उत्तरं देत असायची, कुणाचं चुकलं तर तो आवाज न चिडता पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगायचा, आणि मॅडम माझ्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर हात मांडीत घेऊन बसलेली. फोन वाजत नव्हता. इतके महिने त्या फोनला शिव्या घातल्या, पण तो वाजेना तेव्हा मला कसंतरीच झालं.

"तिकडे जा ना गं," मी म्हटलं. "तुझं घर आहे."

"गेले होते. शेपटीला म्हटलं, चल, आपण दोघी जेवू. तर मला म्हणते, तुझं काम झालं की ये." मॅडम भिंतीकडे बघत राहिली. "माझं काम तर तिकडे चालूच आहे, ताई. ते कधी होणार?"

मी तिचा हात धरला. ऊनही नव्हता, गारही नव्हता.

काल दुपारीही ती आली होती. तिचं मन रमावं म्हणून मी आपली बोलत सुटले. माझे गुडघे, वरच्या मजल्यावरच्या सूनबाईंची नवी कुरकुर, यांचं माझ्यापुरतंच वाढतं बहिरेपण, माझ्या सासरच्या जुन्या तक्रारी. तिने सगळं ऐकून घेतलं. माझं असं कुणी ऐकत नाही. घरात माझं बोलणं म्हणजे पंख्याचा आवाज. त्यामुळे मला इतकं भरून आलं, की मी थांबेचना. तिने बट कानामागे सारली, किंचित हसली, मान हलवली. मग दचकून दाराकडे बघितलं.

मला वाटलं, बेल वाजली. मी उठून बघून आले. कुणी नव्हतं. पुन्हा बसले, गुडघ्यांचं राहिलेलं सांगायला लागले. तिने बट कानामागे सारली, हसली, मान हलवली, दाराकडे बघितलं, वळून हसली.

मी बोलायची थांबले. तेव्हा खरीच बेल वाजली.

दारात शेपूट होतं. केस नीट विंचरलेले, हातात माझीच वाटी, वर झाकण. "मावशी, आईने दिलंय. गरम आहे, जपून. आम्ही जेवायला बसतोय." शेजारचं दार थोडं उघडं होतं आणि आतून ताटल्या मांडल्याचा आवाज येत होता. कुणीतरी गुणगुणत होतं.

शेपटीने माझ्या कमरेशेजारून आत, स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. खुर्चीवरच्या मॅडमने नेमकी तेव्हाच दाराकडे नजर वळवली, पोरीवरून फिरवली आणि परत नेली.

"मावशी," पोर अगदी सहज म्हणाली, "ही अजून चालू आहे?"

ती वळून उड्या मारत गेली. शेजारच्या दाराच्या फटीत गाऊनचं टोक दिसलं, तिने ते मुठीत धरलं, आणि दार लागलं.

वाटी हातात घेऊन मी स्वयंपाकघरात आले. मॅडम माझ्याकडे बघत मान हलवत होती. मी काहीच बोलत नव्हते.