कमळाकाकूंची पेज

हरिश्चंद्रकाकांना झटका येऊन उजवं अंग लुळं पडलं, तेव्हापासून कमळाकाकूंनी त्यांचं खाणंपिणं दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही. आजाऱ्याला पेज द्यावी हे लांज्याकडच्या बाईला वेगळं सांगायला नको, पण इथे आरोग्यकेंद्राच्या डॉक्टर वेदिकाही म्हणाल्या होत्या, "हलकं द्या, पेज चालेल." घरी येऊन इंजेक्शन देणाऱ्या गंगा सिस्टरही तेच म्हणाल्या. मग काय! काकू उकड्या तांदळाची पेज चांगली पातळ करत, फुंकर घालत आणि नवऱ्याला लाडीगोडीने वाटीभर पाजत.

तरी काकांना तिसऱ्यांदा ताप आला, छाती पुन्हा भरली. डॉक्टर औषध बदलत, सिस्टर ताप बघत, व्यायाम करून घ्यायला येणारा फिजिओथेरपिस्ट संदेश हातपाय हलवून जाई. प्रत्येकाचा वार वेगळा, काम चोख, आणि माणूस दिवसेंदिवस खंगत चाललेला. आता हे काही उठत नाहीत, असं काकूंच्या मनात यायचं, पण ते बोलायचीही चोरी.

शेवटी वेदिकाच म्हणाल्या, आपण तिघं एकदम जाऊ. गेले ते नेमके पेजेच्या वेळी. दोन घोट पोटात गेले न गेले तोच काकांना ठसका लागला.

"हे रोजचंच का?" संदेशने विचारलं.

"पेज पिताना लागतोच हो. मग घसा घरघरतो जरा."

"आणि ताप जेवणानंतरच चढतो," सिस्टर हळूच म्हणाल्या.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. वेदिकांनी काकूंच्या हातातली वाटी खाली ठेवली. "काकू, झटक्यानं काकांचं गिळणं बिघडलंय. पातळ पेज पोटात न जाता छातीत उतरतेय. ताप त्याचाच आहे."

काकूंना कळायला थोडा वेळ लागला. मग त्या भडकल्याच. "म्हंजे मीच मारत होते त्यांना? तुमी दोघींनी सांगितलंत म्हणून दिली ना मी?"

"हो. चूक आमची," वेदिका म्हणाल्या. "सांगितलं दोघींनी, पण ते पिताना एकीनंही बघितलं नाही. रत्नागिरीला गिळण्याची तपासणी करून घेऊ. तोवर घट्टच द्यायचं, तेही आधी आमच्यासमोर."

काकूंनी गुरगुट्या भात केला आणि एकही शीत राहणार नाही असा घोटला. संदेशने काकांना ताठ बसवून हनुवटी खाली घ्यायला शिकवलं. काकूंनी चमचा भरला, ओठांपर्यंत नेला आणि तिथूनच मागे घेतला.

"सिस्टर, तुमीच भरवा. माजा हात नको आता."

सिस्टर उठल्या. पण काकांनी डावा हात वर केला, काकूंचं मनगट धरलं आणि चमचा स्वतःच तोंडाकडे ओढून घेतला. त्यांनी सावकाश गिळलं. ठसका आला नाही. त्यांनी मनगट सोडलं नाही, काकूंकडे बघत पुन्हा तोंड उघडलं.