आतल्या झाकणाचा कुकर

ताई, कामाचं नंतर बोलू. आधी जरा टेकून बसा आणि माझ्या सकाळच्या घरातला किस्सा ऐका. ऐकलात की मी कशी बाई आहे ते आपोआप कळेल, वेगळं विचारायला नको.

तिथली मालकीण रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. दिवसभर उभी राहून नळ्या हलवायच्या, आणि घरी आली की पुन्हा ओट्यापाशी उभी. पोरगा पहिलीत. तो वही घेऊन मागे मागे, "आई, बघ ना," आणि आई कांदा चिरतेय. एक दिवस तिनं सुरी खाली ठेवली आणि मला बोलावून आणलं. "मावशी, दोन्ही वेळचं तुम्ही सकाळीच करून ठेवा. संध्याकाळ मला पोरासाठी पाहिजे."

संध्याकाळी मायलेक काय करायचे ते मला सकाळी फ्रिजवर चिकटवलेलं दिसायचं. वाकडा हत्ती, निळी मांजर. एकदा तर मीच होते, हातात पळी, डोकं भोपळ्याएवढं.

आता नवरा. माणूस वाईट नाही, पण कौतुकाला हपापलेला. माझा डबा ऑफिसात उघडला, कुणीतरी विचारलं, "कुणी केलंय हो?" हा म्हणाला, "मीच." झालं, तिथून जो सुटला तो सुटलाच. "बायको कामात अडकलेली, मग मलाच बघावं लागतं!" ऑफिसातल्या बायका विरघळल्या. नाव पडलं शेफ. पोराच्या शाळेतही हीच टेप वाजवून आला.

आणि शाळेतल्या बाईंनी सगळ्या आयांसमोर लॅबवालीला सुनावलं, "बाबा बिचारे स्वयंपाक करून दमतात. तुम्हीही घराला थोडा वेळ द्या की."

दुसऱ्या दिवशी हे मला सांगताना ती एकच कप घासत होती, घासतच होती.

"नवऱ्याला बोललीस?" मी विचारलं.

"बोलले. म्हणाला, गंमत गं, मनाला काय लावून घेतेस."

ताई, ज्या वेळासाठी तिनं मला घरात आणलं, तो वेळ यानं स्वतःच्या नावावर करून घेतला होता. वर माझ्या हाताची चव पण. माझं टाळकंच फिरलं.

मग एक दिवस शेफ स्वतः स्वयंपाकघरात आला, आवाजात साखर घोळवून. "मावशी, रविवारी दुपारी ऑफिसची माणसं येताहेत जेवायला. मोठे साहेबही. तुम्ही लवकर येऊन सगळं करा आणि ते यायच्या आत मागच्या जिन्यानं निघा. कुणी बघितलंच, तर सांगा, लादी पुसायला आले होते."

लादी!

"बरं," मी म्हटलं. "गरम कसं राहणार?"

"कुकरमध्येच ठेवा. मी सगळ्यांसमोर उघडीन. वास सुटला पाहिजे!"

फास त्यानंच वळला, बघा. मी नुसती गाठ मारली.

त्या घरात दोन कुकर. एक साधा, बाहेरच्या झाकणाचा. दुसरा आतल्या झाकणाचा. त्याचं झाकण आत बसतं, ते ठरावीक तऱ्हेनं तिरकं केल्याशिवाय तोंडातून बाहेर येत नाही. सवय असली तर एका हातानं निघतं. नसली तर डोकं आपटा. शेफचं फर्मान मी लॅबवालीला सांगितलं आणि त्या कुकरकडे बघितलं, तिनंही बघितलं.

"शेजारणीकडे पण असलाच आहे," ती म्हणाली. "घेऊन येते." साधा कुकर तिनं माळ्यावर फेकला.

रविवारी मटण एकात, भात दुसऱ्यात. शेफनं मला मागच्या जिन्यानं पिटाळलं. मी खाली गेले, ठेवणीतले कपडे घातले आणि पुढच्या दारानं येऊन बेल वाजवली.

"या मावशी!" लॅबवालीनं हाताला धरून आत नेलं. "या माझ्या पाहुण्या बरं का." आणि बसवलं कुठं, तर मोठ्या साहेबांच्या शेजारी. शेफचं तोंड उघडं ते उघडंच.

मग त्यानं सगळ्यांना ओट्यापाशी बोलावलं. शिट्टी काढली, दांडी सोडवली. झाकण धपकन आत. ओढलं, येईना. फिरवलं, येईना. मटणात बुडालं, शर्टावर शिंतोडे.

"नवीन आहे, जरा घट्ट बसतंय."

दुसऱ्याचीही तीच तऱ्हा. एक बाई म्हणाली, "अहो शेफ, मग रोज कसा उघडता?"

त्यानं बायकोकडे बघितलं. ती हाताची घडी घालून उभी. "मला काय माहीत? मी कुठं घराला वेळ देते?"

मग बघितलं माझ्याकडे, अगदी हंबरणाऱ्या वासरासारखं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघता? मी तर लादी पुसायला येते."

हसून हसून माणसं भिंतीला टेकली. मोठे साहेब उठले, बाह्या वर केल्या, एका हातानं झाकण तिरकं करून काढलं. "आमच्याकडे मीच लावतो हो कुकर," ते म्हणाले. "पण शेफ, मग इतके दिवस डबा कुणाचा?"

"मावशींचा," तो पुटपुटला.

"आणि मावशींना आणलं कुणी?" लॅबवालीनं विचारलं. तिला सोडायचं नव्हतंच.

"हिनं."

"कशासाठी?"

"पोराला वेळ द्यायला."

"हेच शाळेतल्या बाईंना सांगायचं. उद्या. मी शेजारी उभी राहीन."

आणि सांगितलं त्यानं, मान खाली घालून, सगळ्या आयांसमोर. मला दया आली का? छे! त्या रविवारी वाढायला मीच उठले होते. त्याला सगळ्यात शेवटी वाढलं. नळीसुद्धा नाही, कोरडं हाड.

तर ताई, संध्याकाळी येईन मी तुमच्याकडे. तुमचे साहेब गुणाचे असतील, मी काही म्हणत नाही. फक्त माझं एक ऐका. ओट्यावरचा तो बाहेरच्या झाकणाचा कुकर उचलून ठेवा, आणि आतल्या झाकणाचा एक आणा. असू द्या घरात.