एकावर एक ॲसिड

पल्लवीच्या गालांवरची कातडी सोलून निघत होती, आणि तिची होणारी नणंद सृष्टी फोनवर सांगत होती, "जळजळतंय म्हणजे काम करतंय. आज पण लाव."

साखरपुडा तोंडावर आला होता. सृष्टीचं सांगलीत ब्यूटी पार्लर. तिनंच पल्लवीला दोन बाटल्या दिल्या होत्या, एक ग्लायकोलिक ॲसिडची, दुसरी सॅलिसिलिकची. "आधी ही लाव, वाळली की वरनं ही. रोज रात्री. आमच्या घरची सून उजळ दिसायला पायजे." पल्लवी आटपाडीची, सांगलीत एका हळद व्यापाऱ्याकडे नोकरीला. ते बोलणं तिला लागलं होतं. पण नवं नातं, कशाला वाद, म्हणून तिनं मुकाट्यानं लावलं.

आता साधं पाणीसुद्धा झोंबत होतं. ओठाच्या कडेनं लस येत होती. साड्यांच्या खरेदीसाठी गावाहून आलेली आई, धोंडुबाई, तिला बघून हबकलीच. "आगं, भाजल्यागत झालंय की! चल डाक्टरकडं."

डॉक्टरीणबाई वैतागल्याच. "दोन्ही ॲसिडं एकावर एक, तीही रोज? नवख्या माणसाला एकच पुरे, तेही आठवड्यातनं एक-दोन वेळा. आता सगळं बंद. साधं मॉइश्चरायझर लावा, दिवसा सनस्क्रीन. बरं होईपर्यंत ॲसिडचं नाव नको."

दवाखान्याच्या पायऱ्यांवरच होणाऱ्या नवऱ्याचा, दिग्विजयचा फोन आला. "ताई म्हणाली, तुला जरा रिॲक्शन आलीय. अशानं फोटो कसे येतील? साखरपुडा पुढं ढकलूया. आणि कुणाला सांगताना ताईचं नाव घेऊ नको. तिचा धंदा आहे."

"दुखतंय का, एवढं तरी विचारलंस?"

"तसं नाही गं..."

तिनं फोन कट केला. "घरला चल, बाय," आई म्हणाली. पल्लवीनं रिक्षाला हात केला आणि पार्लरचा पत्ता सांगितला.

पार्लरच्या खुर्चीत कॉलेजातली एक मुलगी बसली होती. सृष्टीच्या हातात तीच दुसरी बाटली.

"पहिली लावून झाली?" पल्लवीनं मुलीलाच विचारलं.

"हो. चुणचुणतंय."

"ऊठ. गार पाण्यानं धू. घासू नको."

"येडी झालीस का? माझं गिऱ्हाईक हाय ती!" सृष्टी ओरडली.

पल्लवीनं तोंडावरचा स्कार्फ ओढून काढला. मुलगी दचकून मागं सरली.

"बघ, नीट बघ! भाजतंय म्हणून सांगितलं तर म्हणालीस, आज पण लाव. आणि आज तेच घेऊन हिच्या तोंडाशी उभी राहिलीस? लाज कशी वाटत न्हाई?"

"तुझीच कातडी नाजूक, त्याला मी काय करू?"

धोंडुबाई पुढं झाली. "मेंढरांमागं उनातानात वाढलीया ती. उनानं केलं न्हाई ते तुमी केलंसा."

मुलीनं तोंड धुतलं, पर्स उचलली आणि निघून गेली.

संध्याकाळी दिग्विजय पल्लवीच्या खोलीवर आला. दारातच म्हणाला, "लोकांसमोर ताईचा अपमान करायची काय गरज होती?"

पार्लरमधनं परत येताना पल्लवीनं खूप शिव्या जुळवल्या होत्या. तोंडून एवढंच आलं, "पुढं ढकलू नको. मोडच."

चेहरा भरून यायला बरेच आठवडे गेले. जबड्यापाशी एक काळपट डाग राहिला. गावात बायका म्हणायच्या, एवढ्याशा डागापायी चांगलं स्थळ घालवलं. धोंडुबाई त्यांच्यावर अशी खेकसायची, की पुन्हा तिच्यासमोर कुणी विषय काढला नाही.