गुळाचं पारडं

डॉक्टर राजलक्ष्मीला शिकायची भारी हौस. निमगाव केतकीच्या सरकारी दवाखान्यात ती रुजू झाली तेव्हा एमबीबीएस होऊन बरीच वर्षं लोटली होती, संसार मार्गी लागला होता, दुसरी कुणी असती तर सुखानं बसली असती. पण हिच्या डोक्यात किडा वळवळत होता. शेजारच्या वरकुटे गावचं तेच लेकरू त्याच हगवणीनं पुन्हा पुन्हा का येतं, याचं उत्तर औषधाच्या बाटलीत सापडत नव्हतं. म्हणून अठ्ठ्याण्णव साली तिनं इंग्लंडातल्या एका विद्यापीठात जागतिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासाला नाव घातलं. नोकरी सांभाळून, घरबसल्या, इंटरनेटवरून! आता घरबसल्या म्हणजे काय, तर दर शनिवारी एसटीनं बारामती गाठायची, दादासाहेबांच्या कॉम्प्युटर क्लासात कोपऱ्यातल्या मशीनपुढं बसायचं आणि मोडेम कण्हत-कुंथत एकदाचा लागेपर्यंत वाट बघायची. लाइन तुटली की दादासाहेबच ओशाळे व्हायचे आणि चहा मागवायचे. त्या माणसाचे उपकार राजलक्ष्मी जन्मात विसरायची नाही.

वर्ग मात्र मोठा झकास होता. कुणी नेपाळात, कुणी पेरूत, आणि मलावी नावाच्या देशात ग्रेस नावाची एक नर्स. एकमेकींची तोंडं कधी बघितली नाहीत, पण ई-मेलवरून दोघींची अशी गट्टी जमली की सख्ख्या जावांची जमणार नाही.

शेवटी आला प्रकल्प. राजलक्ष्मीनं ठरवलं, वरकुट्याच्या धनगरवस्तीवरल्या तान्ह्या लेकरांची वजनं दर महिन्याला घ्यायची आणि कोणतं लेकरू का वाळतंय ते शोधायचं. तेवढं झालं की पदवी. न झालं तर सगळी धावपळ पाण्यात.

नर्स छबूबाईला घेऊन ती वस्तीवर गेली. बिरोबाच्या देवळासमोरच्या लिंबाला, चांगली जाडजूड, हाताशी येणारी फांदी बघून तिनं काटा टांगला. आकडा, त्याला झोळी, वर तबकडी. लेकरू झोळीत घातलं की काटा फिरणार. पण लेकरू घालतंय कोण! एकीचं पोर झोपलेलं, एकीचं मामाकडं गेलेलं, एकीला भाकरी थापायच्या होत्या. सगळ्याजणी गोड बोलल्या, चहा पाजला, आणि झोळी रिकामीच हलत राहिली. पुढच्या महिन्यात तीच गत. छबूबाई म्हणाली, दृष्ट लागंल म्हणून भीत असतील. राजलक्ष्मीनं दृष्टीवर छोटंसं व्याख्यान दिलं. बायकांनी माना डोलावल्या आणि पोरं घेऊन घरात गेल्या.

त्या शनिवारी तिनं रडकुंडीला येऊन ग्रेसला सगळं लिहिलं. वाटलं, आता सोडून द्यावं. आठवड्यानं उत्तर आलं. धीराचे दोन शब्द, आणि खाली एकच प्रश्न: काटा टांगलास कुठं?

राजलक्ष्मी वाचून वैतागलीच. कुठं म्हणजे काय, झाडाला! पण तो प्रश्न काही पाठ सोडेना. शेवटी ती एकटीच वस्तीवर गेली आणि सारजाबाईपुढं बसली. सारजाबाई वस्तीतली जाणती म्हातारी. उभी हयात मेंढरांमागं चालली, आता लेक शेती करतो आणि ही नातीला, छकुलीला, सांभाळते. राजलक्ष्मीनं सरळ विचारलं, आजी, काटा चुकीच्या जागी टांगला का मी?

म्हातारीनं छकुलीला मांडीवर ओढलं. मग म्हणाली, "बाई, तुमी गुणाच्या हाय, म्हणून कुणी बोललं न्हाय. त्या फांदीला ऐतवारी बोकड टांगत्यात. आन् आमी जितं कोकरू कधी जोखलं न्हाय. जोखायचं ते खाटकाकडं द्यायचं आसंल तवाच."

राजलक्ष्मीला स्वतःचीच लाज वाटली. शेजारच्या गावात दवाखाना चालवायचा, आणि एवढं साधं ठाऊक नसावं! ती उसाच्या मळ्यातली, इंदापूरकडची. तिच्या माहेरी लेकराला जोखत, पण देवापुढं, नवसाला, गुळानं. ती स्वतः एकदा अशी पारड्यात बसली होती, आईनं कितीदा तरी सांगितलं होतं.

"आणि देवापुढं गुळानं जोखलं तर?" तिनं विचारलं.

सारजाबाईचा चेहरा खुलला. म्हणाली, "व्हय, त्याला काय व्हतंय! ते तर पुण्याचं."

झालं! बाजारातल्या सर्जेरावांनी कांद्याची पोती जोखायचा मोठा तराजू बैलगाडीत घालून पाठवला. तो देवळाच्या तुळईला टांगला. एका पारड्यात भंडारा लावलेलं लेकरू, दुसऱ्यात घरून आणलेला गूळ. पारडी सारखी झाली की लेकरू आईकडं, आणि गूळ वजनं टाकून पुन्हा जोखायचा, ते छबूबाई लिहून घेणार. मग प्रसाद. पोरांची अशी झुंबड उडाली की राजलक्ष्मीला घाम पुसायला सवड मिळेना. दर महिन्याची ती जत्राच होऊन बसली.

आणि त्यातच छकुलीचं पारडं महिन्यामागं महिना हलकं निघालं. वरून पोरगी गुटगुटीत दिसे, कुणाला शंकाही आली नसती. राजलक्ष्मीनं तिला तिच्या आईसकट दवाखान्यात ठेवून घेतलं, दुखणं शोधलं, औषध दिलं, अंगावरच्या दुधासोबत काय भरवायचं ते आईला शिकवलं. पावसाळा संपेस्तोवर छकुली गुळाचे खडे वाढवून मागायला लागली.

प्रकल्प लिहून इंग्लंडला गेला. नव्याण्णवच्या दिवाळीनंतर बारामतीच्या त्या कोपऱ्यातल्या मशीनवर निकाल उमटला: उत्तीर्ण, विशेष गुणवत्तेसह. राजलक्ष्मी दादासाहेबांसमोरच रडली. त्यांनी घाईघाईनं चहा मागवला.

वस्तीवर पेढे घेऊन गेली, तर देवळात तराजू आधीच टांगलेला. तिला वाटलं, आज कुणाचा नवस? सारजाबाईनं तिचा दंड धरला आणि थेट पारड्याकडं नेलं. छकुली दवाखान्यात होती तेव्हा म्हातारीनं बिरोबाला बोलून ठेवलं होतं, बाई पास झाल्या तर त्यांची तुला करीन.

राजलक्ष्मी लाजून लाल झाली. म्हणाली, माझं वजन गावाला कशाला कळायला हवं! बायका खो खो हसल्या. छबूबाई तर म्हणाली, आता कसं वाटतंय? शेवटी बसली बिचारी, पदर सावरून.

एकेक आई पुढं आली. प्रत्येकीनं आपल्या लेकराच्या वजनाएवढा गूळ फडक्यात बांधून आणला होता. एकीनं ठेवला, दुसरीनं ठेवला, तरी पारडं जागचं हलेना. बायका चिडवत होत्या, इंग्लंडचा अभ्यास लई जड दिसतोय. आणि राजलक्ष्मीला त्या प्रत्येक फडक्यात एकेका लेकराचं तोंड दिसत होतं. हे कुशाबाईचं, हे सरुबाईचं.

सगळ्यात शेवटी सारजाबाई आली. छकुली तिच्या कडेवर होती आणि हातात चांगलं भरलेलं गाठोडं.

"हे माझ्या नातीचं," ती म्हणाली, आणि ठेवलं.

डॉक्टरीणबाईंचे पाय जमिनीवरून सुटले. वर तरंगताना तिनं डोळे मिटून घेतले आणि मनातल्या मनात ग्रेसचं नाव घेतलं.