अत्तराचा फाया

"सुमनताई, गजरा काढावा लागेल," जीपच्या बॉनेटमधून डोकं बाहेर न काढताच कादर मिस्त्री म्हणाला. "आन् साहेब, डोक्याचं तेलबी पुसून टाका. जनावराला आधी वास दिसतो, मग मानूस."

सुमनताईंनी मुकाट्याने गजरा काढून दारातल्या तुळशीवर ठेवला. त्यांचे यजमान, अर्जुनराव साहेब, रुमालाने डोकं खसाखसा पुसू लागले. एरवी कारखान्यात आपला शब्द खाली पडू न देणारा हा माणूस वर्षातून एकदा दापोडीच्या मिस्त्रीचा हुकूम निमूटपणे पाळायचा.

पिंपरीला औषधांचा कारखाना निघाला आणि अर्जुनराव तिथे अधिकारी होऊन आले, तेव्हापासून दर चैत्रात भीमाशंकरच्या रानात सांबरं बघायला जायचा परिपाठ पडला होता. साहेब बंदूक नेत नसत. नुसतं बघायचं. दापोडीत याचं भारी हसू व्हायचं. मारायचं नाही, खायचं नाही, मग एवढं पेट्रोल जाळून बघायचं तरी काय, असं लोक कादरला विचारायचे. मोठ्यांचं मोठं काम, असं म्हणून तो वेळ मारून न्यायचा. पण त्यालाही एकदा बघायचं होतं, आणि फार बघायचं होतं.

बेत सगळा त्याचाच असे. चाकण, खेड, मंचर करत रानाच्या तोंडाशी कधी पोचायचं, कोणता पाणवठा अजून आटला नाही याचा निरोप तिथल्या सोनबाकडून कसा मागवायचा, शिदोरीत काय घ्यायचं, सगळं तोच ठरवायचा. पण मोटारीच्या आवाजाने जनावर बुजतं, म्हणून जीप लांब ओढ्याच्या अलीकडे उभी करावी लागे आणि ती राखायला कुणाला तरी मागे थांबावं लागे. ते कुणीतरी म्हणजे कादर. मंडळी परत यायची ती हातवारे करत, एकमेकांना बोलू न देता. हा खाली वाकून हँडल मारत असायचा.

घरी आला की बायको, नजमुन्निसा, विचारायची, दिसलं का? नाही म्हटलं की ठरलेलं ऐकवायची: लग्नाचा स्वयंपाक तुम्ही रांधायचा, जेवायचं वऱ्हाडाने, आणि तुम्ही उपाशीपोटी घरी. कादर हसायचा. अलीकडे मात्र त्याला ते हसणंही जड जात होतं. गुडघे बोलू लागले होते, कंबर धरायची, आणि जन्मभर पेट्रोल आणि ग्रीस हुंगून नाक तर कधीच मेलं होतं.

यंदा साहेबांची बदली झाली होती. ही शेवटची खेप. साहेब आपणहून म्हणाले, या वेळी तू आमच्याबरोबर आडोशाला बसायचं, जीप सोनबाचा भाऊ राखील. कादरने घरात पाऊल टाकताच हे नजमुन्निसाला सांगितलं. निघायच्या दिवशी सकाळी तिने पेटीतून त्याचा ईदचा सदरा काढला. ईदला, लग्नाला, कुठल्याही भल्या कामाला निघताना खोचायची तसा कापसाचा छोटा फाया अत्तरात बुडवून त्याच्या कानात खोचला. सदऱ्यावर जुना खाकी डगला चढवून कादर साहेबांच्या बंगल्यावर गेला आणि पहिलं काम केलं ते सुमनताईंचा गजरा उतरवण्याचं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

दिवस कलला तेव्हा चौघे पाणवठ्याशी, कारवीच्या फांद्यांच्या आडोशाला बसले होते. समोरच्या उतारावर पाचोळा वाजत होता. वाजायचा, थांबायचा, पुन्हा थोडा जवळ वाजायचा. कादरने श्वास रोखून धरला. एवढ्यात वारा फिरला. उतारावरून 'ढांक' असा एकच खणखणीत आवाज आला आणि सगळं गप्प झालं.

सोनबाने नाक वर करून हुंगलं. "कुनीतरी घमघमतंय," तो कुजबुजला. "बिचकलं जनावर. म्होरं यायचं न्हाई आता."

सुमनताईंचा हात एकदम केसांवर गेला. त्यांचा चेहरा इतका पडला की बघवेना. शेवटची खेप आपल्यामुळे फुकट गेली, असं त्यांना वाटलं असणार. कादरने त्यांच्याकडे पाहिलं, आणि कसं कोण जाणे, त्याचं बोट स्वतःच्या कानाकडे गेलं. बोटाला फाया लागला.

काढून फेकला असता, पण कानाची पाळी, सदऱ्याची कॉलर, सगळं त्याच वासाने भिजलेलं असणार. जीपमध्ये पेट्रोलच्या वासात तो कुणाला कळला नव्हता; कादरला एकट्याला तर तो आताही येत नव्हता.

"ताई, तुमचा न्हाई," तो हळूच म्हणाला. "वास माजा हाय."

साहेबांनी त्याचं मनगट धरलं. ते त्याने अलगद सोडवून घेतलं आणि वाऱ्याची दिशा बघत, वळसा घालून, ओणव्यानेच ओढ्याकडे निघाला. गुडघे ठणकत होते. मागे वळून बघायचा मोह झाला, पण त्याने तो आवरला.

सांबर आलं. चांगलं पाणी पिऊन गेलं. अंधारता अंधारता मंडळी जीपशी परतली, तेव्हा सुमनताई बोलता बोलता मध्येच थांबल्या आणि मग त्याच्याजवळ येऊन त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. कादरने ते मन लावून ऐकलं. नंतर हँडल मारलं.

रात्री सोनबाच्या वस्तीवर मुक्काम करून तो दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचला. नजमुन्निसा दारातच उभी होती.

"दिख्या क्या?"

"दिख्या."

मग त्याने सांगितलं. शिंगं कशी फांद्यांसारखी, मानेवरची आयाळ कशी राठ, पाणी पिताना कान कसे मागेपुढे होत होते, नाकपुडीवरून थेंब कसा ओघळला. सुमनताईंचा शब्दन् शब्द. नजमुन्निसा ताटात भाकरी वाढता वाढता ऐकत होती. ऐकता ऐकता तिचं लक्ष त्याच्या कानाकडे गेलं. तिने हात पुढे करून फाया काढला, आणि तिचा हात तसाच थांबला.

"वास चलता नहीं, बोलते ना तुम सबकू?"

कादरने भाकरीचा तुकडा मोडला. "हवा उलटी थी," तो म्हणाला.

लग्नाच्या स्वयंपाकाचं नजमुन्निसाने या वेळी नावच काढलं नाही. फाया पदराच्या टोकाला बांधला, त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि ती म्हणाली, "सिंगां का फिरसे बोलो. कित्ते बडे थे?"