मोरपिशी कोसा

माझी पोरगी मयुरी पुण्यात नोकरी करते आणि तिथून फोनवर आमचं बोरगाव मेघेतलं घर चालवते. गॅस संपला का, आजीने गोळ्या घेतल्या का, सगळ्याचा हिशेब तिला तिथे बसून लागतो. एका नर्सिंग कॉलेजने मला प्राचार्य म्हणून घेतलं हे कळल्यावर ती आधी आनंदाने किंचाळली आणि मग म्हणाली, "मम्मी, पण तू नेसणार काय?"

खरं सांगते, मला राग आला. इतकी वर्षं दवाखान्यात रात्रपाळ्या केल्या, ड्यूटी सांभाळून एमएस्सी केलं, आणि हिला साडीची पडलीय! पण कपाट उघडलं तेव्हा दिसलं, पोरीचं काही चुकलं नव्हतं. ड्यूटीच्या पांढऱ्या साड्या, विहारात जायच्या पांढऱ्या साड्या आणि लग्नाकार्यात आहेरात आलेल्या, घडीही न मोडलेल्या भडक साड्या. हौसेने घेतलेली म्हणावी अशी एक नव्हती. मला काय आवडतं हेच कधी कोणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

मयुरीने नागपूरची एक स्टायलिस्ट ठरवून दिली. सुरभी तिचं नाव, सव्वीस-सत्तावीसची असेल.

"बाप्पा! कपडे नेसाले बी मास्तरीण लागते का आता?" माय म्हणाली.

माय म्हणजे माझी आई, जिजाबाई. बाबा गेल्यापासून माझ्याकडेच असते. डोळ्यांना आता नुसत्या सावल्या दिसतात, पण तोंड अजून धडधाकट आहे.

सुरभी आली आणि घरच तिचं झाल्यासारखं करू लागली. मला खिडकीपाशी उभं केलं. एकेक ओढणी गळ्याशी लावून बघितली. ही नको, ही चालेल, हा रंग तुमचाच. ब्लाउजच्या गळ्यावरून तर मला शाळकरी पोरीसारखी बोलणी बसली. मग दोन पावलं मागे जाऊन म्हणाली, "मॅडम, खांदे किती मस्त आहेत तुमचे! लपवून काऊन ठेवता?"

मी लाजले. या वयात! या खांद्यांनी मी पेशंट उचलले, ऑक्सिजनची सिलिंडरं ढकलली, बाबांना शेवटी न्हाणीघरात नेलं. ते दिसायला बरे असतात हे मला ठाऊक नव्हतं.

मग तिने माझं कपाट पलंगावर उपसलं आणि तीन ढीग केले. ठेवायचे, दुरुस्त करायचे, देऊन टाकायचे. तिसरा ढीगच सगळ्यात मोठा.

"हे कामवाल्या मावशींना देऊन टाका, मॅडम. जागा झाली की नवं येतं."

कोपऱ्यातून माय कडाडली, "थांब पोरी. या घरातून उतरलेला कपडा कोनाले जात नाई. अन् कोनाचा उतरलेला या घरात येत नाई."

"मग आजी, फेकता का?"

"फेकू कायले? गोधडी शिवतो. गोधडी फाटली का पोछा करतो. पन दुसऱ्याच्या अंगावर नाई टाकत."

सुरभी हसली, "ओके आजी," म्हणाली आणि फोनवर काहीतरी टाइप करत बसली. म्हातारीचा हट्ट समजली असणार. तिची चूक नाही, तिला सांगणार कोण?

मायचं लहानपण अल्लीपूरचं. तिची आई, म्हणजे माझी आजी, एका मोठ्या शेतकऱ्याच्या वाड्यावर शेणगोठा करायची. सणाला मालकीण ओट्यावरून जुनं लुगडं खाली टाकायची. हातात द्यायची नाही, टाकायची. आजी पदर पसरून ते झेलायची आणि छोटी माय शेजारी उभी राहून बघायची. पुढे छप्पन साली दीक्षेला जायचं ठरलं तेव्हा आजीने हातातलं चांदीचं कडं मोडून पांढरं, नवं कोरं लुगडं घेतलं. परत आल्यावर तिने शपथच घातली, आता उतरलेलं अंगाला लागणार नाही. मग काय, ते एकच लुगडं अर्धं नेसायचं, अर्धं धुवायचं, ते वाळलं की उरलेलं अर्धं धुवायचं. पण कोणापुढे पदर पसरला नाही.

मायने ती शपथ पाळली, आणि माझ्याकडूनही पाळून घेतली. चौथीत असताना शाळेतल्या बाईंनी मला त्यांच्या मुलीचा फ्रॉक दिला होता. गुलाबी, झालरीचा. मी घालून घरात गिरक्या घेत होते, तेवढ्यात माय कामावरून आली. फ्रॉक उतरवला, धुतला, शेजारून इस्तरी आणून फिरवली आणि दुसऱ्या दिवशी बाईंच्या हातात नेऊन दिला. मी जेवलेच नाही. तो राग कित्येक वर्षं माझ्या पोटात होता. मोठी झाल्यावर कळलं, पटलंही, पण फ्रॉक काही विसरले नाही.

मयुरीला यातलं काहीच मी सांगितलेलं नाही. तिच्यापर्यंत ते कशाला पोचवायचं, असं वाटायचं.

शनिवारी सुरभी मोठी बॅग घेऊन आली. चार कुर्ते, दोन सुती साड्या, आणि शेवटी तिने ती काढली. मोरपिशी रंगाचा कोसा, टसर रेशमाची साडी. काठ बारीक, पदरावर हातमागाची नक्षी, आणि माझ्या मापाचं नवं ब्लाउज. तिने स्वतः मला नेसवली, निऱ्या धरल्या, पदर खांद्यावर मोकळा सोडला आणि मला आरशापुढे ढकललं.

मी हसले. नुसतं हसले नाही, खदखदून हसले. आरशातली बाई प्राचार्य दिसत होती हो! आणि ती मीच होते.

"कुठली गं ही? किती सुंदर आहे."

"माझं स्पेशल कलेक्शन आहे, मॅडम. मयुरीताईंशी बोलणं झालंय."

माय हात पुढे करून आली. तिने काठ चाचपला, पदर हातात घेतला, गालाला लावला.

"कशी आहे, माय?" मी विचारलं.

"चांगली हाये," ती म्हणाली. "नेस सोमवारी."

मग बाहेर ओसरीत जाऊन शेजारच्या यशोदाबाईंना हाक मारू लागली, "वो यशोदाबाई, या बरं इकडे! माही पोरगी पाहून जा!"

सोमवारी कॉलेजात माझा सत्कार होता. मंडप, खुर्च्या, पोरी युनिफॉर्ममध्ये ओळीने बसलेल्या. माझी पावलं हलकी पडत होती, खोटं कशाला बोलू. पोरी एकमेकींना कोपर मारून माझ्याकडे बघत होत्या. संस्थेच्या सचिवांच्या पत्नी सुलोचनाबाई पुष्पगुच्छ घेऊन पुढे आल्या, आणि गुच्छ देता देता थबकल्या.

"अगं बाई! ही माझी तर नाही?"

मला कळेना. त्यांनी सरळ माझा पदर उचलला, उलटा केला आणि आतल्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे मेंदीचा बारीक डाग होता.

"हा बघा! माझीच. पुतण्याच्या लग्नात लागला होता हा डाग." त्या मनापासून हसल्या. "सुनेनं नागपूरच्या कोण्या मुलीला साड्या देऊन टाकल्या. मीच म्हटलं, दे, पडून राहण्यापेक्षा कोण्या गरजू बाईच्या अंगाला लागतील. तुम्हाला छान दिसते हो!"

माईक जवळच होता. पहिल्या दोन ओळींनी सगळं ऐकलं. काही जण हसले, तेही प्रेमानेच. सुलोचनाबाईंच्या मनात काळंबेरं होतं का? मला नाही वाटत. मला तेव्हा त्यांनी हातातला पदर सोडावा, एवढंच वाटत होतं. त्या तो धरूनच बोलत होत्या.

भाषणाची चांगली तयारी केली होती. उभी राहिले, पण कागद उघडलाच नाही. आभार मानले आणि खाली बसले. सगळ्या मंडपात मला फक्त अल्लीपूरचा तो न पाहिलेला ओटा दिसत होता.

केबिनचं दार लावून आधी सुरभीला फोन केला. तिला वाट्टेल ते बोलले. ती बिचारी रडकुंडीला आली. "मॅडम, मयुरीताईंना विचारून घेतली ना मी! ड्रायक्लीन केली, फॉल नवा लावला. मोठमोठ्या बाया माझ्याकडून अशाच घेतात."

मग मयुरी. "मम्मी, प्री-लव्हड म्हणतात त्याला. माझ्या ऑफिसात सगळ्या वापरतात. उलट चांगलं समजतात. तू एवढी का चिडतेस?"

"आजीने त्या पोरीला तोंडावर सांगितलं होतं, उतरलेलं या घरात येत नाही!"

"पण का येत नाही? मला कधी सांगितलंस तू?"

मी फोन ठेवला.

घरी येताना गाडीवर एकच धसका होता. मायला कळता कामा नये. तिच्या आईने अर्धं लुगडं नेसून जे सांभाळलं, ते मी मंडपात मिरवत घालवलं. ऐकलं तर म्हातारी खचेल. साडी उद्याच परत पाठवायची, आणि मायला सांगायचं, जपून ठेवलीय कपाटात.

माय ओसरीत बसली होती.

"आली? झाला सत्कार?"

"झाला. छान झाला."

"मंग आवाज काऊन असा येऊन राह्यला?"

"दमले गं."

"जागृती, माह्यापाशी खोटं नको बोलू. साडीची गोष्ट होये ना?"

मी पदर ओढून घेतला.

"उतरलेली होती थे," माय म्हणाली. "मले शनिवारीच समजलं. गालाले लावली तवा. दुसऱ्याच्या कपाटाचा वास होता तिले. थो वास मी कशी भुलन?"

माझं डोकंच फिरलं. दिवसभराचं सगळं तिच्यावर निघालं. "मग बोलली काऊन नाई? आं? त्या पोरीले तर दरडावलं! मले भर मंडपात गरजू म्हटलं, माय, माझा पदर उलटून दाखवला लोकांना! माझा फ्रॉक ओढून काढला तेव्हा तुले एवढुशी दया नाई आली, आणि आता गप्प बसली?"

"म्हनूनच गप्प बसली."

तिने हात पुढे करून माझा हात शोधला.

"तू हासली होती, पोरी. मले दिसत नाई, पन आयकू तं येते. त्या फ्राकात गिरक्या घेऊन राह्यली होती, तवा हासली होती तशी. त्याच्यानंतर तुह्यं तसं हासनं म्या आयकलंच नाई. एक बार म्याच बंद केलं थे. दुसऱ्या बारी हिंमत नाई झाली माही."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. ती माझ्या खांद्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "साडी धू. इस्तरी करजो. अन् जिनं पदर उलटला तिच्या हातात नेऊन देजो, डोये वर करून. अन् मयुरीले फोन लावून दे मले. तिले सांगतो मी."

दुसऱ्या दिवशी मी पांढरी सुती साडी नेसले, माझी स्वतःची. धुतलेला कोसा पिशवीत घेतला.

"आरशात पाह्यलं का?" मायने विचारलं.

"पाहिलं." ती कान देऊन उभी होती, म्हणून मी हसले. चांगलं मोठ्याने हसले, तिच्यासाठी.

मायने हात पुढे करून माझा गाल चाचपला, साडीचा काठ चाचपला होता तसा.

"राहू दे," मग म्हणाली. "डबा घेतला का?"